आतला आवाज आणि पुढची तीन पावलं



महिला मंडळाच्या बैठकीनंतर दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बोलायला उशीर लागणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या, आपल्याच नादात राहणाऱ्या मुलांबद्दल एकदा लिहा." तिघींच्याही घरात किंवा नात्यात असं एक मूल आहे, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. मी होमिओपॅथीची डॉक्टर. अशी मुलं माझ्याकडे बरीच येतात आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आया, आज्ज्या एक वाक्य हमखास म्हणतात, "मॅडम, तुम्हाला नुसतं बघून कळतं."

ऐकायला गोड वाटतं. पण या वाक्यावर विसंबून एखाद्या मुलाचं वर्ष-दोन वर्षं वाया जाऊ शकतात, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इंद्रियांच्या मदतीशिवाय दूरचं कळणं म्हणजे अवधिज्ञान. ते दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारख्या संसारी बाईला होत नाही. मला जे होतं ते मतिज्ञान, म्हणजे डोळे, कान आणि मन यांच्या वाटेनं येणारं. दशलक्षण पर्वात पहिल्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय ऐकतो. त्यात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या येतात : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. काहीतरी आहे एवढंच जाणवणं हा अवग्रह. ते काय असेल याचा शोध घेणं ही ईहा. शोधून निर्णयाला येणं हा अवाय. आणि तो निर्णय लक्षात राहणं ही धारणा. जुन्या टीकेत याचं सोपं उदाहरण आहे. लांबवर काहीतरी पांढरं दिसलं. बगळा असेल की पताका? पंख हलतात, वर-खाली होतं, म्हणजे बगळा. पाठशाळेत हे पाठ करताना मला याचा उपयोग काय ते कळलं नव्हतं. दवाखान्यात बसू लागल्यावर कळला.

आपण ज्याला आतला आवाज म्हणतो, मनाची टोचणी म्हणतो, तो बहुतेक वेळा अवग्रह असतो. पांढरं काहीतरी दिसलेलं असतं, एवढंच. त्याच अध्यायात पुढे असंही सांगितलंय की मति, श्रुत आणि अवधि ही तीन ज्ञानं विपरीतही असू शकतात. अवधिज्ञानसुद्धा चुकीचं असू शकतं, तर माझ्या आतल्या आवाजाची काय कथा!

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. होमिओपॅथीत पहिल्या भेटीला तास-दीड तास लागतो. मोठ्या माणसाला विचारता येतं : थंडी सोसते का, तहान किती, घाम कुठे येतो, झोपेत काय स्वप्नं पडतात. जे मूल बोलतच नाही त्याला काय विचारणार? त्याच्याकडे बघावं लागतं. म्हणून मी टेबलामागे बसत नाही. जमिनीवर सतरंजी टाकते, एका टोपलीत चेंडू, ठोकळे, भिंगरी, वाटी-चमचा, एक छोटी गाडी ठेवते आणि आईशी बोलत राहते. मूल काय करतं? गाडी चालवतं, की उलटी करून तिची चाकंच फिरवत बसतं? मिक्सरचा आवाज आला तर कान झाकतं का? हवी ती वस्तू बोटानं दाखवतं, की आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवतं? गंमत वाटली तर "बघ ना" अशा नजरेनं आईकडे वळून पाहतं का? हे सगळं मनात जमा होत जातं आणि अर्ध्या तासात आत काहीतरी हलतं. त्यालाच लोक "मॅडमना कळलं" म्हणतात.

होमिओपॅथीचे जनक डॉ. सॅम्युअल हानेमान यांनी १८१० मध्ये 'ऑर्गेनन' हा ग्रंथ लिहिला. कॉलेजात आम्ही तो कलमवार शिकलो. सहाव्या कलमात पूर्वग्रह नसलेल्या निरीक्षकाची अपेक्षा आहे. त्र्याऐंशीव्या कलमात रुग्ण समजून घेणाऱ्याकडे काय हवं ते येतं : निःपक्ष मन, शाबूत इंद्रियं, लक्ष आणि दिसलं ते जसंच्या तसं टिपण्याची निष्ठा. रुग्णाला मध्येच तोडू नका, हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारू नका, हेही पुढे आहे. या यादीत प्रतिभा नाही, सिद्धी नाही. बघा आणि लिहा, एवढंच आहे.

तरीही आमच्याच व्यवसायात उलटा मोह मोठा आहे. मूल दारातून आत येतानाच "हा तर कल्केरिया" म्हणायचं. गोरं, गुटगुटीत, डोक्याला घाम येणारं, उशिरा चालणारं मूल दिसलं की कल्केरिया कार्ब. आईच्या पदरामागे लपणारं, बुजरं दिसलं की बॅरायटा कार्ब. सतत हलणारं आणि गाण्यानं शांत होणारं असलं की टॅरेंट्युला. औषधांची ही वर्णनं आमच्या पुस्तकांत आहेत. पण मुलाऐवजी औषधाचं चित्र दिसायला लागलं की मूल दिसेनासं होतं. आपण पताकाच बघायची ठरवली की बगळ्याचे पंखही पताकाच वाटतात.

आता काही मुलांच्या गोष्टी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला अडीच वर्षांचा मुलगा. चार-पाच शब्द बोलायचा, तेही बोबडे. हाकेला ओ देत नसे. कुणीतरी "ऑटिझम असेल" म्हटल्यामुळे आईची झोप उडालेली. तो सतरंजीवर खेळत होता. तोंड उघडं, त्यातून श्वास घेत होता. पण दर दोन मिनिटांनी आईकडे बघून हसत होता, ठोकळा नेऊन तिला दाखवत होता. माझ्या मनानं म्हटलं, हे पोर माणसात आहे, याला ऐकू येत नसावं. हा झाला अवग्रह. मग ईहा. त्याच्या मागे, त्याला न दिसेल असा हळूच चमचा वाजवला, तो वळला नाही. आईला विचारलं, झोपेत घोरतो का? घोरतो. सर्दी? वर्षभर चालूच. टीव्ही? आवाज मोठा करायला लावतो. त्या दिवशी मी गोळ्या न देता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि श्रवणचाचणी करायला सांगितली. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. त्यावर उपचार झाले, सोबत वाचा-उपचार झाले आणि आज तो शाळेत शिक्षकांची डोकी खातो. त्याला ऑटिझम नव्हता.

पण ही गोष्ट ऐकून कुणी "आमच्याही पिंटूला कानाचंच असेल" असा निष्कर्ष काढू नका. ज्यांना ऑटिझम आहे, त्यांचीही श्रवणचाचणी होतेच आणि कित्येकांची ती अगदी व्यवस्थित येते. चाचणी करायची ती कळावं म्हणून. आपल्या मनासारखं निघावं म्हणून नाही.

दुसरी नऊ वर्षांची मुलगी. शाळेतून तक्रार : लक्ष नसतं, हाक मारली तर शून्यात बघते, वह्या अर्धवट. एडीएचडी असेल तर एकाग्रतेच्या गोळ्या द्या, असं वडिलांचं म्हणणं. ती मला तिच्या मांजरीची गोष्ट सांगत होती. सांगता सांगता वाक्याच्या मध्येच थांबली. पापण्या किंचित फडफडल्या. सहा-सात सेकंदांनी, जणू काही झालंच नाही अशी, दुसरंच वाक्य बोलू लागली. मला पोटात कसंसंच झालं. तिला भिंगरी दिली आणि सांगितलं, जोरजोरात फुंकत राहा, थांबू नकोस. दीर्घ श्वासोच्छ्वास दोनेक मिनिटं चालू राहिला आणि पुन्हा तेच झालं, हातातली भिंगरी तशीच धरलेली. हे लक्ष नसणं नव्हतं, फिट्सचा एक प्रकार असावा अशी शंका घट्ट झाली. मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं. ईईजी झाला आणि निदान तेच आलं. या प्रकारात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, म्हणून घरात कुणाला संशयच येत नाही. तिची औषधं त्या तज्ज्ञांचीच चालू आहेत. वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, ही औषधं माझ्या गोळ्यांसाठी कधीही बंद करायची नाहीत.

तिसरा मुलगा दीड वर्षाचा. त्याच्या वेळी माझा आतला आवाज गप्प होता. गोंडस पोर, माझ्याकडे बघून हसलंही. आज्जी म्हणाल्या, "याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलले. मुलगे उशिराच बोलतात." काका म्हणाले, "हल्लीच्या आयांना नेटवर वाचून भीती वाटते." आई कोपऱ्यात बसलेली. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हा माझ्याकडे बघत नाही, माझ्यातून बघतो." तिचे डोळे भरले होते.

त्या क्षणी खोलीत दोन आतले आवाज होते. माझा, म्हणजे काही न जाणवल्याचा, आणि तिचा. तासाभराची माझी ओळख आणि अठरा महिन्यांची तिची. डॉक्टरला काही जाणवलं नाही, याचा अर्थ काही नाही असा होत नाही. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते, एम-चॅट नावाची. तिच्यावरून निदान होत नाही, पण पुढची तपासणी हवी का ते समजतं. मी ती आईकडून भरून घेतली. बोटानं दाखवत नाही, नावाला प्रतिसाद नाही, खोटं खोटं खेळत नाही. बालविकास तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन वर्षांचा व्हायच्या आत ऑटिझमचं निदान झालं आणि लगेच थेरपी सुरू झाली. पाच वर्षांचा होईपर्यंत घरच्यांनी त्याला "बोलेल हळूहळू" म्हणून ठेवलं असतं, तर ती तीन वर्षं परत कुठून आणली असती?

म्हणून मैत्रिणींनो, आईच्या मनाला टोचतंय तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिची टोचणी म्हणजे निदान नाही, पण शोध सुरू करायला ती पुरेशी आहे. काही खुणा सोप्या आहेत. वर्षाच्या मुलानं नावाला वळून बघायला हवं, बडबडायला हवं, बोटानं दाखवणं, टाटा करणं सुरू व्हायला हवं. सोळा महिन्यांना एखाद-दुसरा शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलणं. आणि येत असलेलं बोलणं किंवा हसणं-खेळणं कोणत्याही वयात मागे गेलं, तर एक आठवडाही थांबायचं नाही.

आता आतला आवाज कुठे दगा देतो तेही बघू. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या नामांकित तज्ज्ञांना असं "वाटलं", की आई मायेनं थंड असते म्हणून मूल स्वमग्न होतं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर मोठं पुस्तकही लिहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, पुराव्यांनिशी दाखवलं होतं की हा आईचा दोष नाही, मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तरी कितीतरी आयांनी ते ओझं वर्षानुवर्षं वाहिलं. मोठ्या माणसांचा अवग्रह ईहेपर्यंत पोचला नाही, की त्याची किंमत बायका चुकवतात.

आपल्याकडे हेच ओझं दुसऱ्या शब्दांत येतं. मंदिराच्या पायऱ्यांवर एखादी म्हणते, "कर्माचा उदय गं, काय करणार." म्हणणारीच्या मनात वाईट नसतं. ऐकणारी मात्र ते घरी घेऊन जाते, रात्री उशाशी घेऊन झोपते. कर्मसिद्धांत आपल्याला स्वतःकडे बघण्यासाठी दिलेला आहे, दुसरीच्या कडेवरच्या मुलाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. त्या लेकराच्या मागच्या भवातलं बघायला आपल्याकडे कुठलं ज्ञान आहे? सम्यक्त्वाची जी चार लक्षणं सांगतात, प्रशम, संवेग, अनुकंपा, आस्तिक्य, त्यांत अनुकंपा आहे, अनुमान नाही. त्या आईला काही म्हणायचंच असेल तर म्हणा, "तू आत दर्शन घेऊन ये, मी याच्याजवळ थांबते."

लसीचा प्रश्नही दर महिन्याला येतो. "लस दिल्यापासून बोलणं थांबलं का?" गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध दिसला नाही. लशीचं वय आणि ऑटिझमच्या खुणा ठळक होण्याचं वय एकच असतं, म्हणून मन दोन्हींची गाठ मारतं. लस चुकवू नका.

आता माझ्या गोळ्यांबद्दल. आपल्या घरांतून पहिला प्रश्न असतो, "यात अभक्ष्य काही नाही ना?" प्रश्न रास्त आहे आणि डॉक्टरनं त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. पल्सेटिला, लायकोपोडियम वनस्पतींपासून, नेट्रम म्युर मिठापासून, सिलिशिया गारेपासून. पण एपिस मधमाशीपासून, लॅकेसिस सापाच्या विषापासून, सेपिया माखल्याच्या शाईपासून, कल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्यापासून बनतं. अर्क अल्कोहोलमध्ये असतो. तीसच्या पोटेन्सीत मूळ पदार्थ इतका विरळ केलेला असतो, की त्याचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तरी हिंसेचा प्रश्न कण उरण्याचा नसून स्रोताचा आहे, असं एखादीला वाटलं तर मी तिला आग्रह करत नाही.

आणि कण उरत नाही, याच कारणानं विज्ञान होमिओपॅथीबद्दल शंका घेतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की कुठल्याही आजारात होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. हे मी माझ्याकडे येणाऱ्या आयांपासून लपवत नाही. ऑटिझम "बरा" करणारं औषध माझ्याकडे नाही, इतर कुठल्या पॅथीतही नाही. तसं छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्या दारातून उलट्या पावली फिरा.

"मग तुमच्याकडे यायचं कशाला?" एका आज्जींनी मला असं तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, आज्जी, दीड तास कुणीतरी नातवाकडे घाई न करता बघेल, सुनेचं ऐकून घेईल आणि कुठे जायचं ते सांगेल, यासाठी या. गोळीसाठी थेरपी थांबवायची असेल तर येऊ नका.

आतला आवाज सर्वांत जास्त फसवतो तो गोळी दिल्यानंतर. आई सांगते, "मॅडम, झोप सुधारली!" माझं मन लगेच औषधाचं नाव घेतं. पण त्याच महिन्यात घरात रात्रीचा टीव्ही बंद झालेला असतो, थेरपी सुरू झालेली असते आणि मूलही महिन्यानं मोठं झालेलं असतं. म्हणून मी आयांना साधी दोनशे पानी वही करायला लावते. थेरपी किंवा गोळी, काहीही नवीन सुरू करण्याआधी पंधरा दिवस तीनच गोष्टी लिहायच्या : किती वाजता झोपला, किती वेळा रडून गोंधळ झाला, आज आपणहून काय मागितलं. मग पुढेही लिहीत राहायचं. आपली धारणा कच्ची असते, चांगलं तेवढं आठवते. वहीला सगळं आठवतं. एका वडिलांना वाटत होतं की फरक गोळ्यांनी पडतोय, स्पीच थेरपीचे पैसे वाचवू. वही उघडून त्यांना दाखवलं, थेरपीवाली बाई गावी गेली त्या तीन आठवड्यांत मुलाचं मागणं थांबलं होतं. गोळ्या मात्र चालूच होत्या. थेरपी बंद झाली नाही. गोळ्या मी बंद केल्या.

शेवटची गोष्ट स्वयंपाकघरातली. वर सांगितलेला तिसरा मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा दोनच गोष्टी खायचा : दहीभात आणि बटाट्याचे तळलेले काप. ज्या घरात तीन पिढ्या कंदमूळ चुलीवर चढलं नव्हतं, त्या घरात! आई बाहेरून आणून, गच्चीवर नेऊन चोरून भरवायची आणि रात्री रडायची. अशा मुलांचं मोजकं खाणं हा हट्ट नसतो. वास, स्पर्श, आवाज त्यांना आपल्यापेक्षा वेगळे जाणवतात. उपाशी ठेवलं की खाईल, हा उपाय इथे चालत नाही, मूल खरंच उपाशी राहतं. मी वजन आणि रक्ततपासणी करून घेतली, कारण इतक्या कमी पदार्थांवर लोह आणि जीवनसत्त्वं कमी पडतात.

वाट सापडली ती आज्जींना. त्यांनी एकदा गच्चीवर नातवाला खाताना पाहिलं आणि सूनबाईला रागावण्याऐवजी शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम, त्याला चवीचं काही नाही. तो आधी काप मोडून कानाशी ऐकतो. त्याला कुर्रकन् वाजायला पाहिजे." मी आणि त्यांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आम्हा दोघींना हे सुचलं नव्हतं. मग आज्जींनी कच्ची केळी आणली. आपल्या घरांत बटाट्याच्या जागी कच्चं केळं हे काही नवं नाही. पण त्यांनी बरोबर तेवढ्याच जाडीचे, तसेच लांबट काप केले, तसेच कडक तळले. पहिल्या आठवड्यात ताटात फक्त एक, नुसता ठेवायला. त्यानं उचलून फेकला. तिसऱ्या आठवड्यात मोडून ऐकला. पाचव्या आठवड्यात चावला. अडीच महिन्यांनी गच्चीवर जाणं बंद झालं. पुढे त्याच वाटेनं भाजलेले पोह्याचे पापड आले, मग मुगाचे. आज्जींना आवाज जाणवला तो अवग्रह, कशात तसा आवाज मिळेल हा शोध म्हणजे ईहा. त्यांनी हे शब्द वापरले नाहीत, पण चारही पायऱ्या त्या चढल्या.

त्या अडीच महिन्यांत नातवाच्या ताटात बटाटाही होताच. आज्जींनी त्यावरून सुनेला एक शब्द बोलला नाही. स्वतःचा नियम मात्र स्वतःपुरता काटेकोर पाळला.

आता ज्या तिघींनी मला लिहायला सांगितलं, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मूल मंदिरात घंटा आणि गर्दीनं बिथरत असेल, तर अभिषेकाच्या वेळी नेऊ नका. दुपारी चारच्या सुमारास, शांत असताना न्या, दोन मिनिटं थांबून परत या, मग वेळ वाढवा. सरकारी दवाखान्यातून सुरुवात करायची असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पुढे पाठवता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत. प्रमाणपत्र काढायला लाजू नका, शाळेतल्या सवलती त्यावर मिळतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना ऑटिझमसाठीही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा काही खर्च त्यातून निघतो.

आणि मनात टोचत असेल तर उद्याच वही करा. पहिल्या पानावर तारीख घाला आणि काय टोचतंय ते एका वाक्यात लिहा. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. सोबतीला कुणी हवं असेल तर मला कळवा, गुरुवारी माझा दवाखाना बंद असतो, मी येईन.

जय जिनेंद्र.